दुखणं पोचवणारा पुंजाजी

रिठदच्या नानाजी पाटलांना लघवीचा त्रास सुरू झाला तो काही एकाएकी नाही. आधी ते गोठ्यामागे गेले की बराच वेळ परतत नसत, आणि घरच्यांना वाटे, पाटील उकिरड्यातलं खत पाहत असतील. मग ते दिवसातून दहा-दहा वेळा जाऊ लागले. गड्यांनी धसका घेतला. मालकांचं खताकडे एवढं लक्ष म्हणजे कुणीतरी खत चोरतंय आणि आळ आपल्यावर येणार, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि गोठा इतका लख्ख झाडायला सुरुवात केली की तिथे शेण टाकायला बैलांनाही संकोच वाटावा. खरं काय ते फक्त नानाजींना ठाऊक होतं. ते गोठ्यामागे भिंतीला हात टेकून उभे राहत, आणि नुसतेच उभे राहत.

असं वर्षभर चाललं. शेवटी त्यांनी पुंजाजीला बोलावून घेतलं.

पुंजाजी म्हणजे नानाजींचा साळा, पाटलीण कस्तुराबाईंचा धाकटा भाऊ. अठराव्या वर्षी बहिणीकडे चार दिवस म्हणून आला तो रिठदचाच झाला. घर बांधलं, वावर केलं, रंगूबाईशी लग्न केलं, पाच लेकरं झाली. आता बासष्टीला आला होता, पण अंगानं टणक, दात सगळे जागच्या जागी, आणि आजवर डॉक्टरची सुई अंगाला लागली नाही याचा त्याला भारी गर्व. गावात त्याच्याकडे एक मानाचं काम होतं. पाटलांचं दुखणं पोचवायचं.

हे जरा फोड करून सांगायला हवं. पाटलानं स्वतः वैद्याच्या ओट्यावर जाऊन बसणं रिठदमध्ये कमीपणाचं समजत. वैद्याला घरी बोलवावं तर गावभर बोभाटा. म्हणून पाटलाचं दुखणं घेऊन दुसरा माणूस जायचा. नानाजींचा खोकला, नानाजींचं पित्त, नानाजींचा गुडघा, सगळं गेली चाळीस वर्षं पुंजाजीनंच वाहिलं होतं. नुसता निरोप सांगून तो मोकळा होत नसे. खोकला असला तर वैद्यासमोर बसून अगदी नानाजींसारखा खोके, गुडघा असला तर घरापासून लंगडत जाई. म्हाताऱ्या वैद्यालाही त्याची सवय झाली होती. तो पुंजाजीची नाडी पाही, पुंजाजीला जीभ काढायला लावी आणि पुड्या नानाजींसाठी बांधून देई. गुण यायचा. मग शंका घेणार कोण?

"दार लोट," नानाजी म्हणाले. पुंजाजीनं दार लोटलं. नानाजींनी खिडकीकडे तोंड करून सगळं सांगितलं.

"मंग वैद्याकडं जातो ना, भाऊजी."

"वैद्य गोखरूच देईन. तो काढा मी मनानंच वरीसभर पेलो. जास्तीच लागते त्यानं. आता वाशिमले जा. लढाईतून वापस आलेला एक डॉक्टर बसते म्हन्तात तिथं."

"याच्यासाठी तुमीच चला. छकडा जुपतो."

"मी? अन् तो धोतर सोडा म्हनन तं?"

पाटलाचं धोतर वाशिमला सुटलं ही बातमी छकड्याच्या आधी रिठदला पोचली असती.

"एक ध्यानात ठेव. माहं नाव निघालं नाही पायजे. नाव काढशीन तं तुले तुया बहिनीच्या कुकवाची आन हाय."

बहिणीचं कुंकू म्हणजे खुद्द नानाजीच. पण शपथ घालणाऱ्याच्याही हे लक्षात आलं नाही आणि घेणाऱ्याच्याही.

वाशिमच्या वाटेवर पुंजाजीनं दुखण्याची तालीम केली. दोनदा छकडा थांबवून तो बाभळीला हात टेकून उभा राहिला. दोन्ही वेळा त्याला मोकळी झाली, त्यामुळे सोंग काही नीट वठेना.

डॉक्टर सबनीस पलटणीबरोबर तीन वर्षं ब्रह्मदेशात काढून आले होते. माणूस चांगला, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांचा कंपाउंडर सेवालाल जवळच्याच तांड्यातला, पलटणीतूनच त्यांच्यामागे आलेला.

"नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुंजाजी." शपथ पाळायची तर दुसरं कुणाचं नाव सांगणार?

"वय?"

नानाजींचं वय अडुसष्ट. पुंजाजीनं तेवढं मात्र इमानानं अडुसष्ट सांगितलं.

"काय होतंय?"

पुंजाजी उठला. भिंतीला डावा हात टेकला, मान खाली घातली, आणि काही न बोलता एवढा वेळ उभा राहिला की बाकावरच्या बायांनी तोंडं फिरवली. "असं होते," तो वळून म्हणाला. "दिवसातून धा डाव."

"कळलं. आत चला. टेबलावर कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या. धोतर सैल करा."

"धोतर कायले? खराबी तं पुढची हाय."

"पुढचं काय बिघडलंय ते मागूनच कळतं. झोपा."

भाऊजी आले नाहीत तेच बरं झालं, असं पुंजाजीच्या मनात आलं. सेवालालनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, लंबी सास घ्या. मोठमोठ्या सुभेदाराईनं घेतली, तुमाले काय होते?" पुढचं जे काही झालं ते पुंजाजीनं डोळे गच्च मिटून सोसलं. आपण हे भाऊजींच्या वाटचं सोसतो आहोत, एवढाच त्याला आधार होता.

डॉक्टरांनी मात्र पुन्हा एकदा तपासलं. मग हात धुतले, खुर्ची ओढून पुंजाजीजवळ बसले आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला.

"हे बघा. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी आवळ्याएवढी एक ग्रंथी असते. पुरुषांनाच असते. ती अशी लागायला हवी." त्यांनी पुंजाजीच्या अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून दाखवला. "तुमची एका बाजूला अशी लागते." आता त्यांनी त्याच्या बोटाचं पेर दाबलं. "टणक. तिथं गाठ आहे. कॅन्सर असू शकतो. असेलच असं मी म्हणत नाही. नागपूरला तिचा बारीक तुकडा काढून यंत्राखाली पाहतील, मगच नक्की कळेल. पण उशीर करू नका. मी चिठ्ठी देतो."

पुंजाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बिचारे," तो म्हणाला.

"कोण?"

"कोनी नाही, डॉक्टरसाहेब. द्या चिठ्ठी."

हसू नका. चाळीस वर्षं ज्याची नाडी दुसऱ्याच्या नावानं पाहिली गेली, त्याला आपल्या अंगात निघालेली गाठ आपली आहे असं का वाटावं? तो भाऊजींचं दुखणं घेऊन आला होता, डॉक्टरांनी त्याच दुखण्याचं नाव सांगितलं होतं. रिठद येईपर्यंत तो रडत होता आणि बैल आपल्या मनानं चालत होते.

नानाजींनी ऐकून घेतलं. अंगठ्याखालचं मांस दाबून पाहिलं, बोटाचं पेर दाबून पाहिलं. मग म्हणाले, "नागपूरले जात नाही मी. उगाच कापाकापी. जे हाय ते देवाले ठाऊक. तू कोनाले सांगू नको."

आणि दुसऱ्या दिवसापासून ते चांगले वागायला लागले.

नानाजी वाईट होते असं नव्हे. पण चांगले वागायला त्यांना कधी सवड झाली नव्हती. शेजारच्या वावरवाल्या जगदेवशी त्यांचं धुऱ्यावरून चौदा वर्षांचं वैर होतं, बांधाच्या दोन हात रुंदीच्या पट्टीसाठी. त्याला बोलावून ते म्हणाले, "घे तो धुरा. सुखानं वाह." जगदेव इतका घाबरला की यात काय डाव आहे ते शोधायला चार माणसांकडे जाऊन आला, आणि काहीच सापडेना तेव्हा घाईघाईनं त्यानं पट्टी नांगरून टाकली. पुंजाजीला त्यांनी आपली पांढरी घोडी दिली. खताचा धसका घेतलेल्या गड्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारपूस केली, त्यामुळे एक गडी नोकरी जाते या भीतीनं आजारीच पडला. आणि आठव्या दिवशी जेवताना कस्तुराबाईंना म्हणाले, "भाकर चांगली झाली."

इथे मात्र पाणी डोक्यावरून गेलं. कस्तुराबाईंनी त्याच दुपारी भावाला बोलावणं धाडलं. त्या ओसरीच्या खांबाशी बसून तूर पाखडत होत्या. आत नानाजी लवंडले होते.

"पुंजा, तुया भाऊजीले काय झालं?"

"काई नाही, बाई."

"चाळीस-पंचेचाळीस वर्स झाले. माह्या भाकरीत खोट काढ्याशिवाय हा मानूस उठला नाही. आज चांगली म्हने. खरं सांग, किती दिवसाचे हायेत?"

"मले तुया कुकवाची आन घातली हाय त्याईनं."

"कुकू माहं हाय ना? मंग मी सोडवतो आन. बोल."

पुंजाजी तर सांगायला आसुसलेलाच होता. त्यानं सगळं ओकून टाकलं. बाभळीपासून नागपूरच्या चिठ्ठीपर्यंत. कस्तुराबाईंचे डोळे भरून आले. पण त्यांची रडायची रीतही नीटनेटकी होती. आधी सगळं समजून घ्यायचं, मग रडायचं.

"डॉक्टरानं गाठ पाह्यली कशी?"

"बोटानं. आता तुले काय सांगू, बाई. लय बेकार असते ते."

"कोनाची पाह्यली?"

"माही."

"मंग गाठ कोनाले हाय?"

"भाऊजीले."

सूप हातातच राहिलं. कस्तुराबाई भावाकडे बघत राहिल्या, लहानपणी तो झाडावरून पडला तेव्हा बघितलं होतं तशा. "पुंजा," त्या हळू म्हणाल्या, "पाह्यली तुयी, अन् निंघाली त्याईले?"

आतून बाज करकरली. नानाजी दारात येऊन उभे राहिले. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"म्हंजे मले नाही?" ते म्हणाले, आणि आठ दिवसांचा काळवंडलेला चेहरा एकदम उजळला. "मले गाठ नाही! अरे, जगदेवले बोलवा कोनी. धुरा..."

तेवढ्यात त्यांची नजर पुंजाजीवर गेली. पुंजाजी आपल्या बोटाचं पेर दाबून पाहत होता. नानाजींना आपलीच लाज वाटली, इतकी की ते खाली मान घालून उंबऱ्यावरच बसले.

"कसं होईन तसं?" पुंजाजी म्हणाला. "वैद्य माही जीभ पाहे, अन् पुडी तुमाले लागू पडे. चाळीस वर्स चाललं ते. आताच काहून बदललं?"

"जीभ सगळ्याईची सारखीच असन," नानाजी पुटपुटले.

"अन् मले कुठं काय होते? मले तं कधी अटकत नाही. डॉक्टर चुकला. दुखनं तुमाले, मंग गाठ मले कशी? आधी तुमाले पाहू द्या त्याले. तुमी निजा त्या टेबलावर. मंगच मी नागपूरचं नाव घेईन."

पुंजाजी एकदा अडला की अडलाच. आता पाटलांचं दुखणं पोचवायला दुसरा माणूस नव्हता, आणि असता तरी कस्तुराबाईंनी जाऊ दिला नसता. दुसऱ्या दिवशी छकड्यातून दोघंही वाशिमला निघाले. नानाजींनी धोतराला जरा जास्तच गाठी मारल्या होत्या.

डॉक्टर सबनिसांनी सगळी हकीकत ऐकली. ऐकताना त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. सेवालाल औषधांच्या बाटल्यांकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"म्हणजे त्रास यांना. तपासलं तुम्हाला. आणि आठ दिवस मरायची तयारी यांनी केली."

"होय," दोघं एकदम म्हणाले.

"पाटील, टेबलावर."

नानाजींच्या तपासणीबद्दल न बोललेलं बरं. पुंजाजी बाहेर बसून होता आणि आतून सेवालालचा आवाज येत होता, "पाटील, सास घ्या. धोतर सोडा, पाटील. हात सोडा धोतराचा." पुष्कळ वेळानं डॉक्टरांनी पुंजाजीला आत बोलावलं.

"यांची ग्रंथी चांगलीच फुगली आहे, पण मऊ आहे, दोन्ही बाजूंनी सारखी. म्हातारपणी पुष्कळांची वाढते. तिनं लघवीची वाट आवळली आहे. हा कॅन्सर वाटत नाही. आता नळी घालून मोकळं करतो. पुढे शस्त्रक्रिया करावी लागेल."

"पाहू. सुगी झाल्यावर पाहू," नानाजी आढ्याकडे बघत म्हणाले.

नळी घातली. पुढचा पाव तास दवाखान्यात दुसरा कसलाच आवाज नव्हता. सेवालालनं एक भांडं बदललं, दुसरं आणलं. नानाजींच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की त्यांनी डॉक्टरांना रिठदच्या हुरड्याचं आमंत्रण देऊन टाकलं.

पुंजाजीला मात्र राग आला होता. "डॉक्टरसाहेब, याईले एवढा तरास, अन् गाठ नाही. मले काईच तरास नाही, अन् गाठ. हा कोनता न्याव हाय?"

"तुमची गाठ कडेला आहे. वाट अडवत नाही, म्हणून सुरुवातीला कळतही नाही. कळतं तेव्हा बहुतेकदा ती हाडांपर्यंत गेलेली असते. तुम्ही यांचं दुखणं घेऊन आला नसतात तर मी तुम्हाला तपासलंच नसतं."

"पन झाली कशानं? तंबाखूनं? छकड्याच्या धक्क्यानं?"

"कुणालाच नीट माहीत नाही. वय वाढलं की होण्याचा संभव वाढतो, एवढं खरं. तुमचं वय अडुसष्ट ना?"

"ते याईचं. माहं बासष्ट."

डॉक्टरांनी कागदावरचा आकडा खोडला आणि पुन्हा एकदा चष्मा पुसला.

परतीच्या वाटेवर खरी रडायची पाळी आली तर पुंजाजीला रडता येईना. भाऊजींच्या गाठीसाठी तो वाटभर रडला होता. स्वतःच्या गाठीची त्याला नुसती भीती वाटत होती.

महिनाभरात तिघं नागपूरला गेली. पुंजाजी, रंगूबाई आणि नानाजी. नानाजींची नळी निघाली होती आणि तूर्त त्यांचं बरं चाललं होतं. वाशिमला गाडीत बसायचं, अकोल्याला गाडी बदलायची, सगळं नानाजींनी केलं. परतीची तिन्ही तिकिटंसुद्धा त्यांनी आपल्याच कनवटीला बांधून ठेवली. मोठ्या दवाखान्यात सुईनं तुकडा काढला, हाडांचे फोटो काढले. धर्मशाळेत आठ दिवस वाट पाहिली. मग तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. गाठ कॅन्सरचीच होती. हाडं मात्र स्वच्छ होती.

"उपाय आहे," ते म्हणाले. "नवा आहे, पण गुण येतो. ही गाठ पुरुषाच्या अंडकोषांतल्या रसावर पोसली जाते. ते काढले की तिचा खुराक तुटतो आणि ती वाळायला लागते. मुळापासून जाईलच असं वचन देत नाही. पण वर्षं मिळतील, आणि चांगली मिळतील."

पुंजाजीला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा जरा जास्तच समजलं. रिठदमध्ये गोऱ्हे खच्ची करायचे असले की पाय धरायला सगळे त्यालाच बोलवत. आजवर त्यानं निदान दोनशे गोऱ्ह्यांचे पाय धरले होते आणि प्रत्येकाला म्हटलं होतं, काई होत नाही बाप्पा, उगा राह्य.

"बैलासारखं?" त्यानं विचारलं.

"तसंच म्हणा. पण गुंगी देऊन."

पुंजाजीनं नानाजींकडे पाहिलं. नानाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा डोक्यावरचा पदर सारखा करून रंगूबाई पुढे झाल्या. लग्नापासून परक्या माणसाशी त्या क्वचितच बोलल्या असतील.

"डॉक्टरसाहेब, पाच लेकरं झाले, नातवंडं झाले. आता त्याचं काय लोनचं घालाचं हाय? माहा मानूस वाचवा."

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी पुंजाजीला कॉट मिळाली. सकाळी आठला न्हावी येऊन तिथली हजामत करणार आणि दहाला आत नेणार, असं नर्सबाईंनी सांगितलं. सात वाजता पुंजाजी तोंड धुऊन येतो म्हणून उठला, तो सरळ टेशनवर गेला.

पळून जायचं असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. पायच तिकडे वळले. फलाटावर अकोल्याकडची गाडी उभी होती. गाडीत बसावं, रिठदला जावं, दुखत नाही-खुपत नाही तर कशाला बैल व्हायचं? गाठीला हाडापर्यंत जायला किती दिवस लागतील? त्याला रंगूबाईचं बोलणं आठवलं, आणि बोलण्याआधी तिनं पदर सारखा केला होता तेही आठवलं. तरीही तो डब्याशी गेला. दांडीला हात घातला. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तिकीट भाऊजींच्या कनवटीला आहे.

बिनतिकिटाचा प्रवास पुंजाजीनं जन्मात केला नव्हता. वार्डात हळूच जावं, काहीतरी निमित्त सांगून तिकीट काढून घ्यावं, अशा बेतानं तो परतला. साडेआठ होऊन गेले होते. वार्डाच्या दारात रंगूबाई तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. त्या रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं.

पुंजाजीच्या कॉटभोवती कापडी पडदा लावला होता. त्यानं पडदा सारला. कॉटवर नानाजी पाटील उताणे पडले होते. पागोटं उशाशी होतं आणि धोतर खुंटीवर. दवाखान्याचा न्हावी साबण लावून, वाकून, मन लावून काम करत होता. वाशिमच्या डॉक्टरपुढे ज्या माणसानं धोतराचा हात सोडला नव्हता तो माणूस डोळे मिटून, दात खाऊन, भर दिवसा चाळीस रोग्यांच्या वार्डात निजला होता.

"भाऊजी!"

नानाजींनी एक डोळा उघडला. "आला? कुठं गेल्ता बे?"

"तुमी काय करून राह्यले इथं?"

"तू नाही म्हनून नर्सबाई कॉट दुसऱ्याले देऊन राह्यली होती. मंग पुढचा नंबर महिन्यानं लागते म्हने. महिना कायले घालवाचा? मी म्हनलं, मीच पुंजाजी. बासष्ट वय. करा काय कराचं ते."

"अन् मी आलोच नसतो तं? तुमाले नेलं असतं ना आत."

"त्याचाच इचार करून राह्यलो होतो," नानाजी म्हणाले. "दहा वाजेलोक वाट पाह्यली असती तुयी."

"अन् दहा वाजल्यावर?"

नानाजींनी नुसती मान वळवली. पुंजाजीला वाटलं, आपण इथेच मोठ्यानं रडणार. पण त्यानं अंगरख्याचे बंद सोडले, अंगरखा खुंटीवर अडकवला आणि कॉटच्या कडेला बसला.

"सरका," तो म्हणाला. "माही जागा हाय ते."

नानाजी कसेबसे उठून चादर गुंडाळायला लागले. इतका वेळ वस्तरा उगारून बसलेल्या न्हाव्याला हे काही मंजूर नव्हतं. त्यानं एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"म्हंजे पुंजाजी हे हायेत? मंग ह्याईची अर्धी झाली त्याचं काय करू? अशीच ठेवू का पुरी करू?"

नानाजींनी क्षणभर विचार केला. मग एक लांब उसासा टाकला आणि पुन्हा कॉटवर आडवे झाले.

"पुरी करून टाक," ते म्हणाले. "सुगीपर्यंत कोन थांबते? त्या मोठ्या डॉक्टरले सांगतो, याचं झालं की माह्या लघवीचंबी घ्या हाती."

पुंजाजीला हसू फुटलं ते आवरेना. नर्सबाई दटावायला आल्या, त्यांनाही कळेना काय चाललंय ते. त्या हसण्यानं सगळी कॉट हलत होती, आणि न्हाव्याला वस्तरा वर धरून बराच वेळ थांबावं लागलं.